मोटारसायकल बांधायची कुठं?

दसरा झाला की कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या राहू लागतात. एरवी इथं गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पत्र्याची शेड यांचं काम चालतं. या दिवसांत मात्र कुणाला फाळक्याची बिजागरी बदलायची असते, कुणाच्या ट्रॉलीचा तळ गंजानं खाल्लेला असतो, कुणाला हुकाची नवी पिन हवी असते. नोव्हेंबरात साखर कारखान्यांचं गाळप सुरू होणार, त्याआधी ऊसतोडीच्या टोळ्या तळावर पोचायला हव्यात. अलीकडं या कामांत आणखी एका कामाची भर पडली आहे. टोळीचा मुकादम नाहीतर ट्रॅक्टरमालक येतो आणि सांगतो, ‘‘मागं मोटारसायकल ठेवायला कॅरियर करून द्या.’’

ऊस तोडायला निघालेल्या माणसाला मोटारसायकल कशाला, असं शहरात विचारणारे भेटतात. त्यांनी एकदा तळावर जाऊन यावं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन ती सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नाहीतर थेट बेळगाव जिल्ह्यात जाते. कोप्या पडतात गावाबाहेर. फड आज जवळ असतो, उद्या लांब. किराणा, पिण्याचं पाणी, तापानं फणफणलेलं लेकरू, रात्री सुरू झालेल्या बाळंतपणाच्या कळा, गावाकडून आलेला मयताचा निरोप, या सगळ्याला पाच-सहा महिने ती एक गाडीच उपयोगी पडते. म्हणून कोपीच्या काठ्या, ताडपत्री, ज्वारीची पोती, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या यांच्यासोबत तीही निघते. तिची जागा ट्रॉलीत असावी की ट्रॉलीमागे, यावरून वाद होतो. त्या वादाच्या दोन बाजू मी इथं दोन माणसांच्या तोंडून मांडतो आहे. एक फॅब्रिकेशनचा मिस्त्री, जो कॅरियर करून देतो. दुसरे अण्णा, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, ज्यांना हे कॅरियर डोळ्यांसमोर नको आहे.

अण्णा : आणखी एक लावलंस का?

मिस्त्री : व्हय. आणि बघून बोला, अण्णा. दोरीनं बांधलेली गाडी न्हाई ही. चाकं बसायला १०० चं सी-चॅनेल घेतलंय. ७५ च्यात स्प्लेंडरचं टायर नीट बसत न्हाई, कडेवर चढतं. पुढच्या चाकाला खाच, खाली ७५ च्या चॅनेलचे दोन हात, आणि अख्खा सांगाडा पिनांवर. कारखान्यावर ट्रॉली खाली करायची वेळ आली की दोन माणसांनी पिना काढायच्या, सांगाडा कोपीशेजारी टेकवून ठेवायचा. गाडी साइड-स्टँडवर उभी करायची न्हाई, सरळ उभी. हँडलच्या खाली, शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या पकडीला दोन्हीकडून रॅचेट बेल्ट. पुढचे शॉक जरा दबेपर्यंत आवळायचे. मग खड्ड्यात गाडी उसळत न्हाई.

अण्णा : काम चांगलं आहे. मी कामाला नाव ठेवतच नाही. पण वजन किती झालं?

मिस्त्री : स्प्लेंडर ११२ किलो. सांगाडा धरा ३५-४०.

अण्णा : म्हणजे दीडशे. त्याचा मध्य ट्रॉलीच्या मागच्या आडव्या चॅनेलपासून अर्धा मीटर बाहेर. तुझ्या ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे बोल्ट किती अंतरावर?

मिस्त्री : वीतभर. २० सेंटिमीटर.

अण्णा : मग हिशेब कर. दीडशे किलो गुणिले अर्धा मीटर, भागिले २० सेंटिमीटर. वरच्या बोल्टांवर पावणेचारशे किलोची ओढ. ही उभ्या ट्रॉलीची. खड्ड्यात आपटली की दुप्पट-तिप्पट. टनाच्या वर गेलास.

मिस्त्री : १६ एमएमचा ८.८ चा बोल्ट टनाला काय ऐकतो! तसले चार हायेत.

अण्णा : बोल्ट नाही तुटणार. तो ज्यात बसवलायस ते चॅनेल फाटणार. दहा-बारा हंगाम ऊस वाहून त्याचा पत्रा पातळ झालेला असतो, भोकाभोवती गंज. आणि त्यात तू वेल्डिंग मारलंस तर जोडाच्या कडेला लोखंड कडक होतं. तिथं केसासारखी चीर पडते, रंगाखाली दिसत नाही. पहिल्या खेपेला काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या हंगामात, रात्री, भर रस्त्यात गाडी सुटते. एसटीत चेसिसला आडवं वेल्डिंग मारलेलं मी चालू दिलं नाही कधी.

मिस्त्री : म्हणून तर मी वेल्ड करत न्हाई. मागून ८ एमएमची पट्टी देतो, चॅनेल दोन पट्ट्यांच्या मधी दाबतो आणि बोल्ट आवळतो. तुमच्याच तोंडून ऐकलेलं हाय ते.

इथं मला मिस्त्रीची बाजू घ्यावीशी वाटते. अशा कामाला आपल्याकडं जुगाड म्हणून हसण्यावारी नेतात. पण दाबपट्टी, पिन, बेल्ट कुठं अडकवायचा याचा विचार, हे सगळं शिकलेल्या इंजिनिअरच्या कागदावर असतं तेच आहे. अमेरिकेत चाकांवरचं घर मोटारीमागे ओढत फिरणारे हौशी लोक त्या घराला मोटारसायकलचं कॅरियर स्वतः बनवतात. त्यांनाही नेमक्या याच जागी अडतं : मागचा बंपर पातळ नळीचा असतो, तो गाडीचं वजन सोसत नाही. लोखंडाचं गणित तिथं आणि येरमाळ्याच्या रस्त्यावर एकच. फरक आहे तो ट्रेलरमध्ये कोण बसतं याचा. इंग्लंडमध्ये चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायला बंदी आहे.

अण्णा : पट्टीनं चॅनेल वाचलं, ठीक. आता ट्रॉली बघ. ही दोन चाकी आहे. एक्सलपासून दोन मीटर मागे तू दीडशे किलो टांगलेस. हूक एक्सलच्या पुढे तीन मीटरवर. म्हणजे हुकावरचं शंभर किलो वजन उचललं गेलं. रिकाम्या ट्रॉलीत तर दांडी वरच येऊ बघेल. जे वजन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना जमिनीशी दाबून धरतं, तेच तू कमी केलंस. उतारावर ट्रॉली झुलायला लागली की ड्रायव्हरच्या हातात काय राहतं? अमेरिकेतले लोक ट्रेलरच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के भार दांडीवर राहिला पाहिजे असं धरून चालतात. आपण उलटं करतोय.

मिस्त्री : दोन चाकीला मी न्हाई लावणार, चला. पण टोळीच्या ट्रॉल्या बहुतेक चार चाकी. तिथं हूक उचलायचा प्रश्न न्हाई.

अण्णा : तिथं दुसरा आहे. दोन ट्रॉल्या एकामागे एक. सगळ्यात शेवटी तुझं कॅरियर. मागचे दिवे झाकले, रिफ्लेक्टर झाकले. हंगामाच्या तोंडावर आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर लावा म्हणून घसा कोरडा करतात, ते कशासाठी? रात्री मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीसनं चाललाय हे कळतच नाही. सोलापूर-धुळे हायवेवर ट्रक किती वेगानं येतो, तुला सांगायला नको. त्याला ट्रॉलीचं अंग दिसायच्या आधी अर्धा-पाऊण मीटर बाहेर आलेलं काळं लोखंड. आणि त्या लोखंडावर पेट्रोलची टाकी.

मिस्त्री : टाकी रिकामी करून, कॉक बंद करूनच न्यायला सांगतो मी.

अण्णा : सांगतोस. करतात?

मिस्त्री यावर लगेच बोलला नाही. कायद्याचाही मुद्दा आहे आणि तो अण्णांनी पुढं मांडलाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. माल मर्यादेबाहेर मागे, पुढे, बाजूला किंवा वर निघालेला असेल, तर कलम १९४ मधल्या नव्या तरतुदीनं २०,००० रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. जुन्या स्प्लेंडरची किंमतच कित्येकदा त्याच्या आसपास असते.

मिस्त्री : कायदा मला पाठ न्हाई, पण भीती हाय. तरी ऐका. माझ्याकडं न्हाई केलं तर काय होतं? फाळक्यावर दोन बांबू आडवे टाकतात, त्यावर गाडी निजवतात, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळतात. टाकीतून पेट्रोल झिरपतं. न्हाईतर गाडी आत, माणसांच्या मधी. बाई लेकराला घेऊन सायलेन्सरला टेकून बसते. कोण बिडी पेटवतं. ते तुमाला चालतंय का? मी कॅरियर करतो म्हणून आतली जागा मोकळी होते. लेकरू पसरून झोपतं. माझ्या कामानं इतकं तरी होतं.

अण्णा : तुझं मन मला माहीत आहे. पण तू चांगलं करून दिलंस की ती जागाच पक्की होते. बांबूवर बांधलेली गाडी बघून पोलीस थांबवतो, मुकादमालाही धाकधूक असते. तुझं कॅरियर बघून सगळ्यांना वाटतं, सोय झाली. पुढच्या वर्षी दोन गाड्यांचं मागतील.

मिस्त्री : मागितलंय. एकानं तीनचं मागितलंय.

अण्णा : बघ!

मिस्त्री : मग तुमीच सांगा कुठं ठेवायची. चालवत न्यावी म्हणता?

अण्णा : का नको? कळंब ते सांगली अडीचशे किलोमीटरच्या आसपास. चार-पाच लिटर पेट्रोल. तुझ्या कॅरियरच्या लोखंडापेक्षा स्वस्त. दिवसा निघावं, हेल्मेट घालावं, बार्शीला चहा, पंढरपूरला जेवण.

मिस्त्री : एकट्या पोराला जमतंय ते. जमतं तेवढे जातातही. पण ज्याची बायको सातव्या महिन्यात ट्रॉलीत बसलीय तो तिला सोडून पुढं जाईल? आणि तो जातो तो ट्रॅक्टरच्या सोबतीनं, रात्रभर, वीसच्या स्पीडनं, पेंगत. त्याच्यामागून बी ट्रकच येतो.

हा मुद्दा अण्णांना मान्य करावा लागला, आणि मलाही. दिवसा एकट्यानं जाणं हे सल्ला म्हणून सोपं आहे. पण टोळी रात्री निघते आणि एकत्र निघते. मुकादमाला सगळे कोयते एका फेरीत पोचवायचे असतात.

अण्णांनी मग गाडी पाठवायला रेल्वेचं नाव काढलं. या भागात ते निघणारच, कारण लातूरपासून येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत थेट मिरजेपर्यंत पूर्वी जाणारी ‘बार्शी लाइट’ ही अडीच फुटी रेल्वे इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून असते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला, १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. मला या माणसाचं इथं विशेष वाटतं ते दोन कारणांसाठी. हलक्या रुळांवर जड माल न्यायचा, तर कुठल्याही एक्सलवर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये, असा नेम त्यानं धरला आणि डबे, इंजिनं सगळं त्या हिशेबानं आखलं. वजन किती, यापेक्षा ते कुठल्या चाकावर पडतं हे त्यानं आधी पाहिलं. दुसरं म्हणजे, इंग्लंडमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या त्याच्याच धाकट्या रेल्वेवर त्यानं मोठ्या रुळांचे डबे उचलून नेणाऱ्या वाघिणी वापरल्या. म्हणजे गाडीवर गाडी. आणि वरची गाडी खालच्या चाकांच्या मधोमध, शेपटाला लोंबकळणारी नव्हे. अण्णांनी हे मिस्त्रीला सांगितलं.

मिस्त्री : रेल्वेनं पार्सल करतात, मला माहीत हाय. टाकी रिकामी, पॅकिंग, आरसी बुकाची झेरॉक्स, स्टेशनला नेऊन टाकायची, उतरवून आणायची. मिरजेतनं तळ कुठं, कुणाला ठावं? कोयतेवाल्याला तळ कुठला ते निघायच्या दिवसापर्यंत कळत न्हाई कधी कधी. पण तुमच्या त्या इंग्रजाचं एक पटलं. चाकांच्या मधी.

अण्णा : तेच तर म्हणतोय मी. मागचं विसर. पुढं बघ.

मिस्त्री : दांडीच्या वर? ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या जागेत? न्हाई बसणार. फडातनं वळताना ट्रॅक्टरचं मोठं चाक ट्रॉलीच्या कोपऱ्याला चिकटतं. गाडी चेंगरंल.

अण्णा : ट्रॉलीच्या आत. पहिल्या ट्रॉलीच्या पुढच्या भिंतीला लागून, आडवी.

मिस्त्रीनं टेप काढला. या क्षणी वाद थांबला आणि काम सुरू झालं. या माणसांचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. स्प्लेंडरची लांबी दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट. ट्रॉली आतून सात फूट रुंद असेल तर गाडी आडवी सरळ बसते. सहा फुटी असेल तर पुढचं चाक काढावं लागतं, नाहीतर गाडी तिरपी घ्यावी लागते. मिस्त्रीनं खडूनं तळावर रेघा मारल्या : पुढच्या भिंतीपासून अडीच फुटांवर उभे अँगल, त्यांना जाळी, म्हणजे गाडी आणि सामान वेगळं. तेच १०० चं चॅनेल, तीच खाच, पण आता तळाच्या आडव्या चॅनेलवर बसवलेलं. ओढ नाही, नुसता खाली दाब. सांगाड्याला लोखंड कमी लागतं. मागचे दिवे मोकळे, रिफ्लेक्टर मोकळे, ट्रॉलीच्या बाहेर एक इंचही काही नाही. चढवायला एक फळी आणि मागून धरायला दोन माणसं. हंगामात ऊस भरायच्या आधी जाळी आणि चॅनेल पिना काढून बाजूला.

मिस्त्री : बसतंय. दोन गाड्या बी बसतील, एकीचं हँडल इकडं, दुसरीचं तिकडं. पण अण्णा, अडीच फूट गेलं की न्हाई? दोन गाड्यांना साडेतीन फूट. तेवढ्या जागेत दोन कोयत्यांचं बिऱ्हाड बसतं. आणि पेट्रोल परत माणसांच्या शेजारी आलंच की. ती माणसं कुठं घालू?

अण्णा : एसटीत.

मिस्त्री : आं?

अण्णा : एसटीत घालायची. प्रासंगिक करारावर गाडी मिळते. लग्नाला घेतात, शाळेच्या सहलीला घेतात, मग तोडीला जाणाऱ्यांना का नाही? बाया-लेकरं एसटीत, गाड्या आणि संसार ट्रॉलीत. मालाच्या ट्रॉलीत माणूस बसवायची मुळात परवानगीच नाही. आपण दोघं तासभर चॅनेल आणि बोल्टांवर भांडलो, आणि ट्रॉलीत पन्नास माणसं बसणार हे धरूनच भांडलो. ती बसायचीच नाहीत असं धर, मग तुला मागं काही टांगावंच लागत नाही.

अण्णांच्या या म्हणण्यावर माझं मत मी स्पष्ट लिहितो. कॅरियर मागं लावावं की आत, याचं उत्तर लोखंडानं दिलं आहे : आत, आणि चाकांच्या मधल्या भागात. पण आतली जागा माणसांनी भरलेली आहे म्हणून गाडी मागं जाते. पोतं, शेळी आणि सातव्या महिन्यातली बाई एकाच फाळक्याआड बसवून अडीचशे किलोमीटर नेण्याची पद्धत आपण नेहमीची मानली आहे. ज्या टोळीच्या जिवावर कारखान्याचं गाळप उभं राहतं, तिच्या जाण्यायेण्याचं भाडं हा कारखान्याच्या हिशेबात फार मोठा आकडा होणार नाही. दिवंगत गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं राज्यात ऊसतोड कामगारांचं कल्याणकारी महामंडळ आहे आणि त्यासाठी गाळलेल्या उसावर टनामागे रक्कम घेण्याचं धोरण आहे. त्यातून पहिली गोष्ट कुठली व्हावी असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, दिवसा निघणारी आणि बसायला बाक असलेली गाडी. मिस्त्रीला मात्र इतक्यानं समाधान नव्हतं, आणि त्याचं कारण खरं होतं.

मिस्त्री : भाडं कोण देणार? मुकादम देणार न्हाई. दिलं तर उचलीत धरंल. म्हणजे कोयत्याच्याच अंगावर. आधीच उचल फिटत न्हाई, हंगाम संपला तरी बाकी राहतीच, त्यात एसटीचं तिकीट. बाई म्हणंल, मी ट्रॉलीत बसते, पैसे वाचवा.

अण्णा : कारखान्यानं द्यायचं. मुकादम आणि वाहतूकदार कारखान्याशी कागद करतात ना? त्यातच लिहून घ्यायचं. माणसांची ने-आण कारखान्याकडं, उचलीत धरायची नाही.

मिस्त्री : कागद कोण वाचतंय, अण्णा. अंगठा आणि सही.

अण्णा : मी वाचतो. एसटीचे करार वाचण्यात माझी उमर गेली.

मिस्त्री : खरं म्हणता का?

अण्णा : खरं. पण तू आधी सांग, मागचं कॅरियर करणार की नाही?

मिस्त्री : ज्यांची ऑर्डर घेतलीय त्यांना आतलं करून देतो, त्याच पैशात. लोखंड कमी लागतंय, परवडंल. सहा फुटीवाल्याला चाक काढून दाखवतो, एक्सलची नटं फिट करायचा पाना बी सोबत देतो. जाळी न्हाई लावली तर गाडी चढवूनच देणार न्हाई. तीन गाड्यांचं ज्यानं सांगितलंय, त्याला न्हाई म्हणतो. तो दुसरीकडं जाईल, जाऊ दे. पण तुमी दिवाळीच्या आधी एक दिवस इथं बसायचं. दोन मुकादम ट्रॉल्या न्यायला येणार हायेत, कागद त्यांच्या खिशात असतो. तुमी वाचा, आणि काय लिहून घ्यायचं ते त्यांच्यासमोरच सांगा. मी म्हटलं तर ऐकणार न्हाईत, मी पडलो वेल्डर.

अण्णा : कोणत्या दिवशी?

मिस्त्री : धनतेरसच्या आदल्या दिवशी. सकाळीच या. दुपारनंतर ते घाईत असतात.